दुसरं नाटक कुठंय?

आमच्या जळगावात कोणी पहिलं नाटक लिहिलं की लोक त्याला पेढा भरवतात. मी विचारते, "दुसरं कुठंय?" त्यामुळे मी लेखकमंडळींना फारशी आवडत नाही, आणि त्याला माझा इलाज नाही. पहिलं नाटक कोणीही लिहितो. जन्मभर पोटात साठलेलं असतं, एखाद्या उन्हाळ्यात ते बाहेर पडतं. दुसऱ्यासाठी मात्र बसावं लागतं. बसायला कोणाला जमतं? मलाही जमत नाही. दिवाळी अंकासाठी हे लिहितानासुद्धा मी मधूनमधून उठून गॅलरीत चकरा मारतेय.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पगाराची नोकरी पाइपच्या कारखान्यात, तपासणी विभागात. पाइपची दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरायचं, दाब वाढवत न्यायचा आणि कुठे घाम फुटतो ते बघायचं. संध्याकाळी कारखाना सुटला की दुसरी नोकरी, बिनपगारी. आमच्या हौशी नाट्यसंस्थेकडे आलेली नवी नाटकं वाचायची, लेखकाला बोलवायचं, त्याच्याशी भांडायचं. पहिल्या नोकरीतून रीतसर निवृत्त झाले, नारळबिरळ मिळाला. दुसरीतून कोणी निवृत्त करत नाही, कारण पगार नाही तिथे निवृत्ती कसली! संस्थेत लहानथोर सगळे मला अक्का म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

बाहेरची माणसं विचारतात, तुमच्यासारखी संस्था नवीन लेखकाला देते तरी काय? मानधन नाही, नाव नाही, वर्तमानपत्रात बातमी आली तर लेखकाचं आडनाव चुकलेलं. खरं आहे. आम्ही देतो शाळेचा एक वर्ग, दोन सतरंज्या आणि त्याचं नाटक मोठ्यानं वाचणारी सहा-सात माणसं. एवढंच. पण कागदावर गोड वाटलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की लेखकाचा चेहरा कसा होतो, ते बघण्यासारखं असतं. आमचा दिग्दर्शक प्रमोद बँकेत कॅशियर आहे. तो वाचता वाचता थांबतो आणि म्हणतो, "हे माझ्या तोंडात बसत नाही." लेखक म्हणतो, "अहो, त्याचा अर्थ असा आहे की..." मी म्हणते, "गप्प. अर्थ सांगायला तू प्रत्येक प्रयोगाला जाणार आहेस का?" मग तीन-चार वेळा लिहून घ्यायचं, उभ्यानं वाचायचं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ओळखीच्या शंभरेक माणसांपुढे करून बघायचं. त्या दिवशी मी नाटक बघत नाही, खोकला ऐकते. धुळ्या-जळगावचा प्रेक्षक भला आहे, उठून जात नाही. कंटाळला की खोकतो. जिथे खोकला वाढला तिथे नाटक गळतंय, असं समजायचं आणि लेखकाला सांगायचं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक डाळमिलचे मालक आले. नाटकात आठ मामा. मी म्हटलं, दोन ठेवू. ते हबकले. "अक्का, सहा मामांना मी तोंड कसं दाखवू? सगळ्यांना सांगून बसलोय." आठही मामा खरे होते आणि आठांनाही काम हवं होतं! नाटक झालं नाही, पण त्यांच्या घरच्या लग्नात मामांनी ते करून दाखवलं म्हणे, आणि चांगलं झालं म्हणे. दुसरा एक पोरगा, खरंच हातात कला असलेला. त्याच्या एकांकिकेनं धुळ्यात, नाशकात बक्षिसं घेतली. आज तो मुंबईत मालिका लिहितो. सासू कधी जिन्यावरून पडेल ते त्याला वरून फोन येतो. मधे भेटला तेव्हा मी विचारलं, दुसरं कुठंय? तो म्हणाला, "अक्का, रोज लिहितोय की." 

पण मुंबईनं जेवढे लेखक नेले, त्याहून जास्त आमच्याच सत्कारांनी खाल्ले. हे माझं मत आमचे अध्यक्ष नाना यांना मान्य नाही. नानांचं सराफ बाजारात दुकान, माणूस सोन्यासारखा, संस्थेसाठी उन्हातान्हात हिंडणारा. पण सत्कार हा त्यांचा जीव. ते म्हणतात, "अक्का, माणूस मोठा केला की तो मोठं लिहितो." मी म्हणते, "नाना, तोंडात पेढा कोंबला की माणूस बोलत नाही." खानदेशात कोणी काही केलं की आधी संस्था सत्कार करते, मग समाजमंडळ, पतसंस्था, महिला मंडळ, गणपती मंडळ, शेवटी सासरच्या गावची ग्रामपंचायत. प्रत्येक ठिकाणी लेखकानं दोन शब्द बोलायचे. दोन शब्द, दोन शब्द करत पुढच्या नाटकाचं सगळं सांगून टाकतो बिचारा. घरी येतो तेव्हा शाली असतात, नाटक संपलेलं असतं.

योगिताचं तेच होणार होतं. तिचीच गोष्ट मला सांगायची आहे.

धुळ्याला एका एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून मी आणि प्रमोद गेलो होतो. परतताना एसटीत आमचा वाद चालला होता, की नवीन लेखकाची भाषा आपण किती दुरुस्त करायची. कंडक्टर बाई तिकिटं देत देत आमच्यापाशी आली ती तिथेच रेंगाळली. हीच योगिता. चाळिशीची, खाकी कपडे, आवाज असा की शेवटच्या बाकापर्यंत जावा. म्हणाली, "अक्का, नाटक बोलीसन धाडं तं चाली का?" लिहून नव्हे, फोनवर बोलून पाठवलं तर चालेल का, असं विचारत होती. मी म्हटलं, पाठव. त्यात काय! म्हणणारे पुष्कळ असतात.

आठवडाभरात माझा फोन भरून गेला. शिंदखेड्याला गाडी उभी असताना ती रिकाम्या बसमध्ये बसून सगळी पात्रं एकटी बोलायची. सासू वेगळी, नणंद वेगळी, वकील तर असा की मी हसून लोळले. मधेच इंजिन सुरू व्हायचं आणि नायिकेच्या रडण्यावर "चला, मागे सरका, मागे जागा आहे" असं यायचं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत माहेरी जाणाऱ्या बायका वाढल्यात, आणि दोन बायका शेजारी बसल्या की शिंदखेड्यापर्यंत अख्खं घर बाहेर येतं. तिनं ते ऐकलेलं होतं. संवाद अहिराणीत, एकही शब्द चुकीच्या जागी नाही. आमच्या वादाचा निकाल तिथेच लागला. भाषेला हात लावायचा नाही.

त्या पहिल्या नाटकाचं नाव 'आखाजीचा दुसरा दिवस'. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, खानदेशातल्या बाईचा सगळ्यात मोठा सण. भाऊ घ्यायला येतो, माहेरी झोके, गाणी, पुरणपोळी, आमरस. नाटकात असाच एक भाऊ बहिणीला आखाजीला आणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निबंधकाच्या कचेरीत नेतो. वडिलांच्या शेतातला हिस्सा सोडला म्हणून तिची सही घेतो. हक्कसोड. आमच्याकडे घरोघरी झालेली गोष्ट. सही झाली की बहिणीला साडी.

शाळेच्या वर्गात वाचन झालं. योगिता ड्युटीवरून तशीच आली होती. मी म्हटलं, "बाकी सगळं पक्कं आहे. तुझा भाऊ गळतोय."

"म्हणजे?"

"दारू पितो, बायकोला मारतो, बहिणीला कोंडतो. एवढा वाईट भाऊ असल्यावर नाटक कशाला? पोलीस चौकी पुरे."

ती म्हणाली, "अक्का, तसा नाही दाखवला तर बायका रडतील कशाला?"

तिचा मुद्दा खोटा नव्हता. उन्हाळ्यातला प्रयोग झाला, मग स्पर्धेत झाला, आणि बायका रडल्या. खोकला शोधून सापडला नाही. स्पर्धेत लेखनाचं बक्षीस आलं, आणि नानांनी शालीचं दुकान गाठलं.

पुढचं वर्षभर योगिता सत्कारात होती. ड्युटी संपली की सत्कार, साप्ताहिक सुट्टीला सत्कार. दोन पोरं घरी, नवरा भला म्हणून चाललं. तिच्या माहेरचा सत्कार तर गावजेवणासकट झाला. तो तिच्या थोरल्या भावानंच ठेवला होता. संजूभाऊ म्हणतात त्यांना. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच घर ओढलं, योगिताला बारावीपर्यंत शिकवलं, लग्न करून दिलं. त्यांनी भर सभेत बहिणीला शाल घातली आणि माइकवर म्हणाले, "नाटक दखं मी. असा भाऊ वैरीले बी नको!" टाळ्या पडल्या. मी स्टेजवर नानांच्या शेजारी बसले होते. योगिताकडे बघितलं तर ती शालीची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

परतताना गाडीत तिनं मला सांगितलं. तिनं स्वतः सही केली होती. याच भावाला. तिच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या आखाजीला.

"मग त्यांना नाटकात स्वतःला ओळखता आलं नाही?"

"कसं येईल? भाऊ कधी दारू पीत नाही. माझ्यावर हात उगारला नाही कधी."

तिनं भाऊ वाईट रंगवला म्हणून तो सुटला होता. त्याला वाटलं, हे दुसऱ्या कोणाचं तरी नाटक. खुशाल शाल घातली त्यानं. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "मग खरा भाऊ लिही. हेच दुसरं नाटक."

ती खिडकीकडे तोंड करून बसली.

त्यानंतर मी तिला सोडलं नाही. फोन केले. धुळ्याला कामं काढून जायचे आणि तिची शिंदखेड्याची फेरी गाठायचे. कंडक्टरच्या शेजारच्या बाकावर बसायचे, ती तिकिटं संपवून आली की विचारायचे, कुठवर आलं? ती म्हणायची, पोरांच्या परीक्षा आहेत. लग्नसराईची गर्दी आहे. एकदा म्हणाली, "अक्का, तुम्ही बाकी उधारीवाल्यासारख्या मागे लागता." मी म्हटलं, लागते.

एका दुपारी सोनगीरच्या पुढे गाडी बरीच रिकामी झाली होती. ती येऊन बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, लिखू का माहेर ठेवू?"

कारखान्यात पाइपला दाब देताना एक क्षण असा येतो की थांबावं असं वाटतं. पाइप चांगला असतो, तरी वाटतं. तसं मला तेव्हा वाटलं. तिच्या आईला पंचाहत्तरी उलटून गेलेली, भावाच्याच घरात राहणारी. नाटकामुळे भाऊ तुटला तर आईचं दारही बंद. मी मुंबईला गेलेल्या पोराला नावं ठेवते, पण त्याला लिहिताना एवढं मोजावं लागत नाही. मी म्हटलं, "लिही तर खरं. करायचं की नाही ते मागाहून बघू." हे मी सगळ्याच लेखकांना सांगते आणि ते निव्वळ थापेबाजी असते. लिहून झालेलं नाटक कोणी पेटीत ठेवत नाही. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत असावं.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फोन भरायला लागला. यावेळी इंजिनाचा आवाज नव्हता. घरी, स्वयंपाकघरात बसून बोललेलं होतं.

दुसऱ्या नाटकाचं नाव 'रंग सांग'. भाऊ बहिणीला आखाजीला आणतो, तो चांगला आहे. वाटेत तिच्या पोराला कुल्फी घेऊन देतो. सहीच्या आदल्या दिवशी तिला धुळ्याला साडीच्या दुकानात नेतो आणि दुकानदाराला म्हणतो, मना बहीनले कोनता रंग शोभस ते माले म्हाईत शे. हिरवी काढा. बहीण हसते. दोघं लहानपणच्या गोष्टी काढतात. सहीच्या वेळी ती आनंदानं सही करते, आणि घरी येऊन साडी नेसायला घेते तेव्हा तिचे हात थांबतात. बस. शिवी नाही, मारहाण नाही. वर्गात वाचन झालं. भावाचं काम प्रमोद वाचत होता. त्यानं कागद खाली ठेवले आणि म्हणाला, "मी जांभळी घेतली होती. माझ्या बहिणीला." एवढं बोलून तो नळावर पाणी प्यायला गेला. नोकरीतल्या आणि बिनपगारी अशा माझ्या सगळ्या वर्षांत एवढं पक्कं नाटक माझ्या हातून गेलं नव्हतं. मला अभिमान वाटला, लपवत नाही.

मग पहिला प्रयोग धुळ्याला ठरला, आणि तिथे आमच्या संस्थेनं जे केलं ते फक्त आमचीच संस्था करू शकते.

नाना वाचनाला येत नाहीत. पडदा वर गेल्यावर नाटक बघायची मजा वेगळी, असं त्यांचं म्हणणं, आणि इतक्या वर्षांत ते कधी अडलं नव्हतं. आमच्याकडे प्रयोगाआधी सत्कार असतोच. कोणाचा करावा? नानांना वाटलं, लेखिकेच्या माहेरच्या माणसांचा करू. बहिणीला शिकवणारा असा भाऊ लोकांपुढे यायला हवा. त्यांनी परस्पर फोन करून संजूभाऊंना सहकुटुंब बोलावलं. आम्हाला सरप्राइज!

मी नाट्यगृहात शिरले तर विंगेत संजूभाऊ पांढऱ्या शर्टात उभे, शेजारी त्यांची बायको, आणि खुर्चीवर योगिताची आई. नानांच्या हातात शाल आणि नारळ. मी नानांना बाजूला ओढलं आणि दोन वाक्यांत नाटक सांगितलं. नाना म्हणाले, "अक्का, आता? त्यांना परत कसं पाठवू?"

"मला काय विचारता! मी नाटकं तपासते, पाहुणे नाही."

योगिता मेकअपच्या खोलीत बहिणीचं काम करणाऱ्या मुलीला साडी नेसवत होती. मी म्हटलं, "संजूभाऊ आलेत. सत्कार झाला की पहिल्या रांगेत बसणार. प्रयोग थांबवायचा असेल तर आत्ता बोल. लाइट गेले म्हणून सांगते."

तिच्या तोंडात पिना होत्या. त्या तिनं एकेक करून काढल्या. "आई पण आलीय?"

"हो."

शेवटची पिन तिनं मुलीच्या पदराला लावली आणि म्हणाली, "येल शे ना तो? मंग दखू द्या."

सत्कार झाला. नानांचा आवाज कापत होता, लोकांना वाटलं गहिवरले. संजूभाऊ शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले आणि पडदा उघडला. मला खुर्चीवर बसवेना. मी बाजूच्या दाराशी उभी राहिले, तिथून बाहेर, बाहेरून पुन्हा आत. साडीच्या दुकानाचा प्रवेश आला. प्रमोद म्हणाला, हिरवी काढा, आणि संजूभाऊ मोठ्यानं हसले. बायकोला कोपरानं ढोसून काहीतरी सांगितलं. त्यांना ते दुकान आठवलं होतं. पुढच्या दोन वाक्यांत त्यांचं हसू गेलं. मग शेवटापर्यंत त्यांचे दोन्ही हात नारळावर होते. शाल अंगावर आणि अख्खं धुळे पाठीमागे, उठून जाणार कसे? एकदा वाटलं उठतील. उठले नाहीत. सभागृहात कोणी खोकलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. माझं लक्षच नव्हतं.

पडदा पडल्यावर ते विंगेत आले. शाल काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवली. योगिता समोर उभी होती. आम्ही सगळे सामान आवरायचं सोंग करत होतो.

"मी वाईट व्हतू का व?" त्यांनी विचारलं.

"नही भाऊ. तू वाईट ऱ्हाता तं लिखनं सोपं व्हतं."

 रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "औंदा आखाजीले तुले लेवाले येवाव नही," ते म्हणाले, आणि आईचा हात धरून तिला पायऱ्यांवरून सांभाळून उतरवत घेऊन गेले. यंदा आखाजीला तुला न्यायला मी येणार नाही. बस, एवढंच. योगिता रडली नाही. सेटवरच्या साड्या मोजून तिनं पेटीत भरल्या, आणि पेटी बंद करताना माझ्याकडे एकदाच बघितलं. ती नजर मला अजून सोसत नाही.

नाटक गाजलं. नानांनी सत्काराचं नाव काढलं नाही. मी पहिल्यांदाच कोणा लेखकाला "पुढचं कुठंय?" असं विचारलं नाही. तोंडच नव्हतं. माझी झोप उडाली होती. कोणी मला नेमलं होतं तिच्या माहेरावर दाब देऊन बघायला? नवीन लेखक घडवतो, घडवतो म्हणतो आपण. प्रयोग संपला की आपण सतरंजी गुंडाळून घरी जातो, त्याला मात्र त्याच गावात राहायचं असतं. हे मी प्रमोदला म्हटलं तर तो म्हणाला, "अक्का, मग काय सगळ्यांनी मामांची नाटकं लिहायची?" 

आखाजीच्या दिवशी मला घरात राहवेना. योगितानं स्वतःहून मागून ड्युटी घेतली होती, हे प्रमोदकडून कळलेलं. घरी बसून वाट कोणाची बघायची? मी सकाळची गाडी पकडून धुळ्याला गेले आणि तिच्या फेरीत जाऊन बसले. ऊन मरणाचं. गाडी माहेरवाशिणींनी भरलेली, प्रत्येकीच्या शेजारी घ्यायला आलेला भाऊ नाहीतर भाचा. योगिता तिकिटं देत होती, सगळ्यांशी हसून बोलत होती. माझ्याशी कमी.

तिच्या माहेरच्या फाट्यावर गाडी थांबली. खाली म्हातारी एकटीच उभी होती, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. योगितानंच तिला हात देऊन वर घेतलं.

"कोठे चालनी माय?"

"तुनाकडे. तो येत नही तं मी उनू." भाऊ न्यायला येत नाही, म्हणून आईच लेकीकडे निघाली होती.

पंचाहत्तरीपुढच्यांना भाडं नाही, पण शून्याचं तिकीट काढावंच लागतं. म्हातारीनं आधार कार्ड पुढे धरलं, योगितानं ते बघितल्यासारखं केलं आणि मशीनमधून तिकीट काढून आईच्या हातात दिलं. म्हातारी माझ्या शेजारी बसली. पिशवीत सांजोऱ्या होत्या, त्यातली एक तिनं मला दिली. गाडी सुटली. मला हायसं वाटलं, आणि मी काहीतरी गोड बोलणार एवढ्यात म्हातारी लेकीला म्हणाली, "नाटकम्हा माले मारी काबर टाकं व?"

नाटकात मला मारून का टाकलंस, असं ती विचारत होती. योगिताला कळलं नाही. मला कळलं.

"भितवर मना फोटो, फोटोले हार. आनि मी समोरच बठेल, पहिली रांगम्हा."

त्याला कारण मी. हौशी संस्थेला बायका मिळत नाहीत, वयस्कर तर मिळतच नाहीत. त्यामुळे नाटकात आई असली की पहिल्या वाचनालाच आम्ही तिला मारून भिंतीवर लावतो. लेखकाला सांगतो, एक पात्र कमी, तालीम सोपी. तुम्ही खानदेशातली हौशी नाटकं बघा, निम्म्या घरांत आई फोटोत असेल. 'रंग सांग'मध्ये आईला दोन प्रवेश होते. मीच काढायला लावले होते, आणि नाटक त्यानं घट्ट झालं म्हणून स्वतःची पाठ थोपटली होती. मी म्हातारीला ते समजावून सांगायला लागले. बायका मिळत नाहीत, बारा भानगडी असतात. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाठ करून ती लेकीशीच बोलायला लागली.

"अंगठा तं मी बी दिन्हा व्हता. मना भाऊले. माले तं साडी बी भेटनी नही."

योगिता उभी होती, वरची दांडी धरून. मागून कोणीतरी शिंदखेड्याचं एक तिकीट मागत होतं. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. हे तिला माहीत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. लग्नापर्यंत एका घरात, एका चुलीजवळ बसूनही माहीत नव्हतं. मागचा माणूस पुन्हा ओरडला. "थांबा जरा," ती त्याला म्हणाली. मशीन तिनं पट्ट्यासकट गळ्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि आईच्या पायाशी, गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर, खाकी कपड्यांतच मांडी घालून बसली.

"सांग माय," ती म्हणाली. "पहिलपासून सांग."